मारला, मारली, मारलं

सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आले, तर माझ्या निलगिरीची आणखी एक फांदी गेली होती. वाऱ्याने मोडलेली फांदी सालीला धरून लोंबत राहते. गुराने ओढली, तर अर्धी चघळलेली पानं खाली पडतात. ही फांदी तिरकी आणि स्वच्छ कापलेली होती, आणि कापल्या जागेची ओल अजून सुकलेली नव्हती. म्हणजे कापणारा लांबून आलेला नव्हता आणि त्याच्या हातात चांगली धारदार कात्री होती. आमच्या घरात तशी कात्री एकाच माणसाकडे आहे.

तो माणूस म्हणजे माझी मोठी जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या खोलीत त्यांचं पार्लर आहे, मागच्या खोल्यांत सासूबाई, वहिनी आणि भावजी राहतात, आणि वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. पार्लरच्या दाराशेजारी, कंपाउंडच्या भिंतीला लागून, माझी निलगिरी आहे. रस्त्याकडेला उभी असते तशी ताडमाड नव्हे, ही शोभेची, कमरेएवढी. पानं गोल, चांदीचा हात फिरवल्यासारखी, आणि बारीक काडीवर दोन्ही बाजूंनी अशी बसलेली की कुणी दोऱ्यात ओवली असावीत. चुरगळलं की सर्दीच्या बाटलीचा वास येतो.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढून पोट भरते. छापखान्यातून प्रुफं येतात, खिडकीशी बसून मी ती तपासते आणि समासात लाल खुणा करते. या धंद्याने माझा एक अवयव कायमचा बिघडला आहे. समोरचा माणूस काय म्हणतो याच्या आधी तो कसं म्हणतो, ते मला ऐकू येतं. भावजींनी म्हणूनच माझं नाव ‘शुद्धलेखन’ ठेवलंय. ‘शुद्धलेखन खाली येतंय का जेवायला?’ असं ते जिन्यातून हाक मारून विचारतात. नपुंसकलिंगी विचारतात, व्याकरणात चूक नाही, म्हणून मी काही बोलत नाही.

वहिनींचं मात्र लिंगांशी जन्माचं वैर. त्या ‘ती चहा’ म्हणतात आणि ‘तो पेन’ म्हणतात. टॉवेल त्यांच्याकडे सोमवारी पुरुष असतो आणि मंगळवारी बाई. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत आले आहे, इतकी की आता ती दुरुस्त होऊनच माझ्या कानात शिरतात.

आता एवढ्याशा झाडाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. आमच्या ह्यांनाही वाटतं. पण या घरात मी आले तेव्हा कपाट वहिनींचं जुनं मिळालं, गादी नणंदेची, आणि वरच्या मजल्यावरचा ओटा सासूबाईंनी स्वतःच्या उंचीने बांधून घेतलेला, ज्यावर भाजी चिरताना माझी कंबर धरते. खिडकीचे पडदेसुद्धा खालून वर आले. सगळं चांगलंच होतं, तक्रार करावी असं काही नव्हतं, पण माझं असं काही नव्हतं. निलगिरी तेवढी माझी. मी पसंत केली, मी खड्डा खणला, मी लावली. वहिनी नर्सरीत बरोबर आल्या होत्या एवढंच. तिथल्या बाई त्यांना काहीतरी समजावून सांगत होत्या, आणि मी फाटकाशी उभी राहून त्यांच्या पाटीवरच्या ‘निलगीरी’तली दुसरी वेलांटी कशी चुकली आहे ते त्या नर्सरीवाल्या बाईंच्या नवऱ्याला पटवून देत होते.

घरी आल्यावर ‘निलगिरी’ हा शब्द ऐकूनच सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या मते हे झाड जमिनीतलं पाणी पिऊन टाकतं, मुळांनी भिंती फोडतं आणि एकदा डोकं वर काढलं की कुणाच्या बापाला आवरत नाही. शेवटी त्यांनी अट घातली. झाड भिंतीच्या उंचीच्या आत आहे तोवर राहील. भिंतीच्या वर गेलं की त्या तोडणाऱ्याला बोलावणार, आणि मग कुणी मध्ये बोलायचं नाही. मीही उलट जाहीर केलं की ठीक आहे, पण तोवर या झाडाच्या पानालाही माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. वहिनी तेव्हा काहीतरी म्हणणार होत्या, पण मी विषय संपवला.

आणि मग फांद्या जायला लागल्या.

पहिल्यांदा मला वाटलं, असेल कुणीतरी रस्त्यावरचं. मग एकदा पार्लरमध्ये डोकावले, तर आरशापुढे काचेच्या बरणीत माझ्या चांदीच्या फांद्या ऐटीत उभ्या. मी काही बोलायच्या आतच वहिनी म्हणाल्या की खाली पडलेल्या मिळाल्या, म्हणून ठेवल्या. खाली पडलेल्या फांद्यांची टोकं अशी तिरकी नसतात. दुसऱ्या एका दिवशी गिऱ्हाइकाच्या वाफेच्या भांड्यातून ओळखीचा वास आला. मी जिन्यातच थांबून दोनदा हुंगून पाहिलं. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात भाजीची वाटी दिली, तर बोटांनाही तोच वास. कुठेतरी पाणी मुरतंय याची माझी खात्री झाली. मी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायला लागले, पण वहिनी त्यात माझ्या वरताण निघाल्या. मी छापखान्यात गेले की फांदी जायची, मी घरात असले की त्या झाडाकडे बघतसुद्धा नव्हत्या. निरपराध माणूस दारातल्या झाडाकडे अधूनमधून सहज बघतो. मुद्दाम न बघणं मला जास्त संशयास्पद वाटलं.

एका दुपारी तपासलेली प्रुफं देऊन मी लवकर परतले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चप्पल काढत होते, आणि पार्लरच्या आतल्या दारातून आवाज आला. वहिनी भावजींशी बोलत होत्या.

“आज मारला एकदाचा. आता महिनाभर बघायला नको. तिला मात्र कळू देऊ नका, घर डोक्यावर घेईल.”

भावजी काहीतरी हसून म्हणाले. माझ्या हातातली चप्पल हातातच राहिली.

मारला. वहिनींना म्हणायचं होतं ‘मारलं’, झाड मारलं. किंवा ‘मारली’, निलगिरी मारली. लिंग नेहमीसारखंच चुकलं होतं, पण अर्थ लख्ख होता. मी बाहेर जाऊन झाडाकडे बघितलं. मधली सगळ्यांत उंच काडी वरून छाटलेली होती, बाकी झाड हिरवंगार, म्हणजे चंदेरीगार. मग मला कळलं की हे एका दिवसात मारणं नाही, हे हळूहळू मारणं आहे. रोज थोडं कापायचं, म्हणजे एक दिवस आपोआप वाळेल आणि बोट कुणाकडे दाखवता येणार नाही. सासूबाईंना झाड नको आणि पार्लरला अडचण, म्हणजे दोघी मिळूनच. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की वर जायचं विसरून मी तशीच पार्लरमध्ये शिरले.

खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून बसल्या होत्या. वहिनींच्या हातात कंगवा होता. भावजी मला बघताच मागच्या दाराने नाहीसे झाले, हेही मी टिपून ठेवलं.

“वहिनी, माझं झाड मारताय हे मला कळलंय,” मी म्हणाले. “मारायचंच असेल तर समोर मारा. असं लपूनछपून नको.”

“मी झाड मारतेय?”

“मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

खुर्चीतल्या बाई आरशातून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. मग वहिनींनी कंगवा खाली ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आजपासून त्या झाडाला माझा हात लागणार नाही. शब्द देते.”

एवढंच बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. मला खरं तर भांडण हवं होतं. आरडाओरडा झाला असता तर बरं वाटलं असतं. इतक्या सहज शब्द देणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मी त्याच संध्याकाळी झाडाभोवती तारेची जाळी लावली आणि कामाचं टेबल अंगणाकडच्या खिडकीशी ओढून घेतलं. आमचे हे म्हणाले, आता एक शिट्टीही विकत घे. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्यानंतर एकही फांदी गेली नाही. आणि माझं झाड असं वाढायला लागलं की बघत राहावं. कमरेचं छातीला आलं, छातीचं डोक्याला. खालच्या घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. जेवायला हाक मारताना भावजींनी ‘शुद्धलेखन’ म्हणणं सोडलं होतं आणि वहिनी वाटी हातात न देता ओट्यावर ठेवायला लागल्या होत्या. पण माझं झाड वाढत होतं, आणि त्याचा अर्थ मी खरी ठरले होते. कापणं थांबलं आणि झाड वाढलं, यापेक्षा मोठा पुरावा कुठला?

मग पानं बदलली. आधी मला वाटलं, उन्हाने असं दिसतंय. वरच्या फांद्यांना गोल पानं येईनाशी झाली. जी येत होती ती लांबट, टोकदार, विळ्याच्या पात्यासारखी वाकडी आणि साधी हिरवी. चांदी कुठे गेली कळेना. रस्त्याकडेच्या कुठल्याही निलगिरीला असतात तसलीच पानं. माझ्या मनात लगेच पार्लरचा विचार आला. तिथून रोज बादलीभर रंगाचं पाणी बाहेर जातं. हात लावणार नाही असा शब्द होता, पाणी ओतणार नाही असा कुठे होता? मी उकिडवी बसून माती हुंगली, चिमटीत घेऊन चोळली, पांढऱ्या कागदावर पसरून बघितली. मातीला मातीचाच वास होता. सासूबाई खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, हेही मला बरोबर वाटलं नाही.

हुंगता हुंगता एक गोष्ट दिसली आणि ती मला काही केल्या जुळवता येईना. खाली, जिथे जिथे जुनी तिरकी कापलेली खूण होती, तिथून फुटलेल्या काड्यांवरची पानं अजून गोल होती, चांदीसारखी. जिथे कापलं नव्हतं तिथेच ती लांबडी, हिरवी झाली होती. झाडात विष भिनलं असतं तर निवडून निवडून न कापलेल्या फांद्यांतच कसं भिनलं असतं? मी गुडघे धरून उठले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी जाहीर केलं की झाड भिंतीच्या वर गेलंय आणि तोडणाऱ्याला उद्या सकाळी बोलावलंय. त्यांनी ते कुणाकडे न बघता सांगितलं. मी हातातला घास ताटात ठेवला. मी वहिनींकडे बघितलं, मनात म्हटलं, झालं तुमच्या मनासारखं. वहिनी ताटाकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्याचाही मला संशयच आला.

सकाळी लवकर मी जिना उतरत होते. वहिनींचं पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, एक आई आणि तिची लांब केसांची मुलगी. मुलगी रडवेली झाली होती, कारण तिला केस कापायचे नव्हते. वहिनी तिला समजावत होत्या.

“हा बघ, एवढाच शेंडा मारला. आता बघ कसे खालून दाट येतात. शेंडा नाही मारला, तर नुसते लांब वाढतात आणि त्यांच्यात काही जीव राहत नाही.”

मी पहिल्या पायरीवर थांबले. तीच पायरी, तेच दार.

शेंडा मारला. शेंडा पुल्लिंगी. शेंडा मारणं म्हणजे टोक खुडणं, म्हणजे खालून फुटवे येतात आणि झाड बसकं, दाट राहतं. हा वाक्प्रचार मी बागकामाच्या पुस्तकांच्या प्रुफांत कितीदा वाचलाय. वहिनींचं लिंग त्या दिवशी चुकलंच नव्हतं. आयुष्यात एकदा त्यांनी अचूक वाक्य उच्चारलं आणि ते मी दुरुस्त करून टाकलं. नवख्या मुद्रितशोधकाला पहिल्या दिवशी सांगतात की शंका आली तर आधी मूळ प्रत बघ, आपल्या मनाने बदलू नको. मी मूळ प्रतीकडे बघितलंच नव्हतं. आणि आता ती मूळ प्रत भिंतीच्या वर जाऊन उभी होती, तिला तोडायला माणूस यायचा होता, आणि हे सगळं मीच केलं होतं.

आई आणि मुलगी गेल्यावर मी आत गेले. वहिनी केस झाडून गोळा करत होत्या.

“तुम्ही शेंडा मारत होता,” मी म्हणाले.

“मग काय करत होते?” त्या झाडू न थांबवता म्हणाल्या. “नर्सरीतल्या बाईंनी सांगितलं होतं की हिला वाढू दिली की पानं बदलतात आणि भिंतीवर जाते. तू पाटी वाचत होतीस.”

“मग मला सांगायचं होतं.”

“तुला? तू माझं वाक्य संपू देतेस का कधी? मध्येच खूण करतेस.”

वहिनींनी सुपलीत केस भरले आणि जरा नरम आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या की सगळंच काही तुझ्यासाठी केलं नाही. पहिली फांदी कापली ती पार्लरची पाटी झाकली जात होती म्हणून. वाफेला पानं बरी वाटली, म्हणून आणखी थोडी घेतली. पण पुढची सगळी कापली ती आईंनी भिंतीची अट घातली होती म्हणून, कारण त्या बोलतात तसं करतात. हे ऐकून मला विचित्र समाधान वाटलं. माझा संशय अगदीच वाया गेला नव्हता. पण तेवढ्याने काही होणार नव्हतं.

“मग आता मारा ना शेंडा,” मी म्हणाले. “तो माणूस यायच्या आत. भिंतीच्या खाली आणा.”

“मी शब्द दिलाय. त्या खुर्चीतल्या बाईसमोर दिलाय. माझा हात लागणार नाही.”

बाहेर फाटक वाजलं. तोडणारा माणूस करवत घेऊन आला होता.

सासूबाई खुर्ची टाकून अंगणात बसल्या. मी तारेची जाळी सोडवली, कारण ती मीच बांधली होती आणि दुसऱ्या कुणाला तिची गाठ सुटेना. त्या माणसाने विचारलं, कुठून कापू? सासूबाई म्हणाल्या, बुडासकट काढ, मुळंही ओढ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं मला सुचलं नाही. तेव्हा पार्लरच्या दारातून, उंबऱ्याच्या आतच उभ्या राहून, वहिनी म्हणाल्या, “आई, मुळं ओढली तर भिंत हलेल. खुंट राहू दे.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. त्यांना काहीतरी संशय आला असणार, कारण त्यांनी डोळे बारीक केले. पण भिंत त्यांना फार प्रिय. खुंट राहिला. घोट्याएवढा.

नंतरचे दिवस वाईट गेले. खुंटाकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. वहिनी भिंतीसाठी बोलल्या होत्या की माझ्यासाठी, याचा मी विचार करत राहिले. विचारायची हिंमत झाली नाही. मी त्यांची माफी मागितली, जिन्यात, घाईघाईने, आणि त्या ‘बरं’ म्हणाल्या. तोच ‘बरं’, त्या दिवशीचा.

आणि मग एका सकाळी खुंटाच्या सालीतून लालसर टिंबं वर आलेली दिसली. काही दिवसांत त्यांचे धुमारे झाले, आणि धुमाऱ्यांवर पानं आली. गोल. चांदीची. मी तिथेच मांडी घालून बसले आणि हसले आणि रडलेही. खिडकीतून आमचे हे विचारत होते की काय झालं.

धुमारे भराभर वाढले. गुडघ्याला आले, पुढे कमरेला. मला सगळं माहीत होतं आता. मी स्वतः शेंडा मारू शकले असते, साधी का होईना, माझ्याकडेही कात्री होती. पण मी मारला नाही. मी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली, टेबल खिडकीपासून हलवून भिंतीला लावलं, आणि छापखान्यात जाताना मुद्दाम मोठ्याने फाटक वाजवायला लागले. परत आले की आधी झाडाकडे जायचे, एकेक शेंडा बघायचे. सगळे शाबूत. पूर्वी शेंडा गेलेला दिसला की माझा जीव जळायचा, आता शाबूत दिसला की जळायचा. मला वाटायला लागलं, वहिनी आता कधीच हात लावणार नाहीत, आणि हे झाड पुन्हा लांबडं, हिरवं होऊन भिंतीवर जाणार, आणि या वेळी त्याचा खुंटही राहणार नाही.

काल मी छापखान्यातून परतले. फाटक लावलं, पिशवी पायरीवर ठेवली आणि झाडापाशी गेले. मधल्या काडीचं टोक नव्हतं. कापलेली जागा तिरकी होती, स्वच्छ होती, आणि ओल अजून सुकलेली नव्हती.

पार्लरच्या आतल्या दारातून वहिनींचा आवाज येत होता. त्या भावजींना सांगत होत्या, “मारला. आणि ती चहा गार झाली बघा.”

मी जिन्यात उभी राहून दोन्ही वाक्यं ऐकली. काहीही दुरुस्त केलं नाही.